उलटलेली नौका पुन्हा उभी राहते का?

शिडाची लहान नौका महासागर ओलांडू शकते की नाही, हा वाद फार पूर्वीच मिटला आहे. जॉन गझवेल यांनी १९५५ ते १९५९ या काळात सुमारे २० फूट लांबीच्या ‘ट्रेका’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, आणि रॉबर्ट मॅन्री या अमेरिकी पत्रकाराने १९६५ साली अवघ्या साडेतेरा फुटांच्या ‘टिंकरबेल’मधून ७८ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडचा किनारा गाठला. तथापि अशा यशस्वी सफरींवरून नौकेच्या सुरक्षिततेविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे, कारण योग्य ऋतू निवडून व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वर्षाचा बराच काळ एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर वाऱ्यांच्या प्रदेशातून, प्रवास केल्यास बऱ्यापैकी बांधणीची जवळजवळ कोणतीही नौका सुखरूप पैलतीरी पोहोचते. तीस दिवसांच्या सफरीत एकोणतीस दिवस नौकेची परीक्षा होतच नाही. ती होते उरलेल्या एका दिवशी, आणि तो दिवस उगवेलच असेही नाही. म्हणून ‘ही नौका अमुक वेळा महासागर पार करून आली आहे’ हे विक्रेत्याचे विधान खरे असले तरी पुरेसे नसते. ज्याला नौकेची पारख करायची आहे त्याला एकच प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो: लाटेने ही नौका आडवी पाडली किंवा पूर्ण उलटवली, तर त्यानंतर काय होईल?

या प्रश्नाला आजचे गंभीर रूप मिळाले ते १९७९ सालच्या फास्टनेट शर्यतीमुळे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या काउझ येथून निघून, आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट या खडकाला वळसा घालून प्लिमथला परतण्याच्या या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. १३ ऑगस्टच्या रात्री आणि १४ ऑगस्टला, वाऱ्याच्या जोराच्या प्रचलित मापनपट्टीवरील दहाव्या श्रेणीच्या वादळाने त्यांना गाठले. शर्यतीत भाग घेतलेले १५ जण मृत्युमुखी पडले, २४ नौका सोडून देण्यात आल्या आणि त्यांपैकी ५ बुडाल्या. दुर्घटनेनंतर झालेल्या चौकशीत २३५ नौकांकडून माहिती मिळाली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या, म्हणजे ११२ नौकांची डोलकाठी पाण्याला टेकेपर्यंत त्या आडव्या झाल्या होत्या, आणि ७७ नौका त्याहूनही पुढे कलल्या होत्या, काही तर पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा सरळ झाल्या होत्या. तोपर्यंत कील असलेली नौका सहसा उलटत नाही असे शर्यतीच्या वर्तुळात सर्रास मानले जात असे. कील म्हणजे नौकेच्या तळाखाली पाण्यात उतरलेला जड पंख, ज्यात शिसे किंवा ओतीव लोखंड भरलेले असते. चौकशीतील आकड्यांनी ही समजूत मोडून काढली.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी १९ नौका नंतर तरंगताना सापडल्या, आणि तराफ्यांशी, म्हणजे हवा भरून फुगवायच्या जीवरक्षक साधनांशी, निगडित घटनांमध्ये ७ जणांचा जीव गेला. ‘ग्रिमाल्किन’ या ३० फुटी नौकेवरील तिघे जण, आपले दोन सहकारी मरण पावले असे समजून तराफ्यात उतरले. प्रत्यक्षात त्या दोघांपैकी एक जण शुद्धीवर आला आणि अनेक तासांनी त्याला हेलिकॉप्टरने नौकेवरूनच उचलण्यात आले. नौका मोडली होती, वारंवार उलटली होती, तरी ती तरंगत होती. त्या तिघांना दोष देण्याचा अधिकार किनाऱ्यावर बसलेल्या कोणालाही नाही, कारण त्या रात्रीच्या काळोखात आणि थंडीत काय दिसत होते हे त्यांनाच ठाऊक. पण नौकेची पारख करणाऱ्याने त्यातून एक निकष उचललाच पाहिजे: खलाशांना जिच्यात थांबावेसे वाटेल अशी नौका हवी.

नौका आडवी झाल्यावर पुन्हा का उभी राहते, हे समजून घेण्यासाठी दोन बलांकडे पाहावे लागते. नौकेचे सगळे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढत असते, तर पाण्याचे प्लावक बल पाण्यात बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलत असते. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे वर ढकलणाऱ्या बलाचा मध्य कललेल्या बाजूकडे सरकतो, आणि ही दोन बले एका रेषेत न राहिल्याने नौकेला सरळ करणारी फिरकी निर्माण होते. रुंद आणि सपाट तळाच्या नौकेत हा मध्य थोड्याशा कलानेच फार दूर सरकतो, म्हणून अशी नौका बंदरात ताठ वाटते, तिच्यावर चालताना पायाखालचे डेक डळमळत नाही, आणि पाहायला आलेला ग्राहक प्रसन्न होतो. याउलट अरुंद, खोल आणि तळाशी जड असलेली नौका सुरुवातीला पटकन कलते, परंतु जसजशी अधिक कलते तसतसे तिच्या कीलमधील वजन तिला अधिकाधिक जोराने मागे खेचू लागते. रुंदीतून आलेला तोल आणि वजनातून आलेला तोल हे वेगवेगळे आहेत, आणि संकटाच्या क्षणी उपयोगी पडतो तो दुसरा. पूर्ण उलटलेल्या अवस्थेत तर रुंदीच शत्रू बनते, कारण सपाट डेकवर उपडी पडलेली रुंद नौका त्याही स्थितीत ताठच राहते.

प्रत्येक नौकेसाठी कलाचा असा एक कोन असतो की त्यापलीकडे गेल्यावर ती सरळ होण्याऐवजी पूर्ण उलटण्याकडे झुकते. यालाच स्थैर्याचा अंतिम कोन म्हणता येईल. हा कोन ९० अंश असेल तर डोलकाठी पाण्याला टेकताच नौका उलटण्याकडे वळेल. तो १८० अंशांच्या जितका जवळ, तितकी उलटलेली नौका पुढच्या लहानशा लाटेनेही सरळ होण्याची शक्यता अधिक. फास्टनेटनंतरच्या अभ्यासात ‘ग्रिमाल्किन’ची तुलना ‘काँटेसा ३२’ या जातीच्या नौकेशी करण्यात आली. दोन्हींच्या लांबीत फारसा फरक नव्हता. परंतु पहिलीचा अंतिम कोन १२० अंशांच्या आसपास होता, तर दुसरीचा सुमारे १५५ अंश. त्याच शर्यतीत सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून शेवटपर्यंत गेलेली एकमेव नौका ‘असेंट’ ही काँटेसा ३२ जातीचीच होती. एका नौकेच्या यशावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे वर म्हटलेच आहे. पण येथे ते यश आणि गणित एकाच दिशेला बोट दाखवतात.

वाऱ्याने नौका आडवी होते, पण तिला उलटवते ती फुटणारी लाट. माथा न फुटता येणारी मोठी लाट नौकेला उचलून खाली सोडते, इतकेच. फुटणारी लाट मात्र टनावारी पाणी आडवे फेकते. साउदॅम्प्टन विद्यापीठात लहान प्रतिकृतींवर झालेल्या चाचण्यांतून असे दिसले की नौकेच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंचीची फुटणारी लाट कुशीवर आदळली तर काही नौका पूर्ण उलटतात, आणि ही उंची ६० टक्क्यांच्या आसपास गेली की कोणताच आकार वाचत नाही. १० मीटर लांबीच्या नौकेसाठी याचा अर्थ अनुक्रमे ३ आणि ६ मीटर असा होतो, आणि भर महासागरात ३ मीटरची लाट ही मुळीच दुर्मीळ वस्तू नव्हे. लांबीचे महत्त्व आहे ते येथे. मात्र लांबीने संकट विरळ होते, नाहीसे होत नाही. याच चाचण्यांनी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली: डोलकाठी मोडलेली नौका अधिक सहज उलटते, कारण उंच काठीचे वजन नौकेच्या गिरकीला विरोध करत असते आणि काठी गेली की तो विरोधही जातो.

या सगळ्या ज्ञानाचे सोपे आकड्यांत रूपांतर करण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील सर्वांत प्रचलित सूत्रात नौकेची फुटांतील कमाल रुंदी घेतात, पौंडांतील वजनाला ६४ ने भागून येणाऱ्या संख्येचे घनमूळ काढतात आणि रुंदीला त्या घनमुळाने भागतात. उत्तर २ किंवा त्याहून कमी आले तर नौका सागरी प्रवासासाठी विचारात घेण्याजोगी मानतात. काँटेसा ३२ ची रुंदी साडेनऊ फूट आणि वजन सुमारे ९,५०० पौंड, म्हणून तिचे उत्तर १.७९ येते. सूत्र उपयुक्त आहे, पण ते वजन किती हे विचारते, वजन कुठे आहे हे विचारत नाही. कीलमधील शिसे काढून डोलकाठीच्या टोकाला बांधले तरी उत्तर तेच येईल. म्हणून हा आकडा अयोग्य नौका चटकन बाजूला काढण्यासाठी वापरावा. नौका योग्य असल्याचा पुरावा म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

प्रमाणपत्राचेही असेच आहे. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नौकांचे ‘अ’ ते ‘ड’ अशा चार श्रेणींत वर्गीकरण होते आणि ‘अ’ श्रेणी वाऱ्याच्या मापनपट्टीवरील आठव्या श्रेणीहून अधिक वारा व ४ मीटरहून उंच लाटा यांसाठी असते. खरेदीदाराला ही श्रेणी वाचून निश्चिंत वाटते. परंतु त्याच व्याख्येत वादळासारखी असामान्य परिस्थिती वगळलेली आहे, हे सहसा त्याला कोणी सांगत नाही. शिवाय या श्रेणीसाठी लागणारा स्थैर्याचा कोन नौकेच्या वजनानुसार घटतो: १३० मधून टनांतील वजनाची दुप्पट वजा करावी, मात्र उत्तर १०० च्या खाली जाऊ देऊ नये. त्यामुळे ४ टनांच्या नौकेला १२२ अंश लागतात, तर १० टनांच्या नौकेला ११० अंश पुरतात. जड नौकेला उलटवायला मोठी लाट लागते, हा त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण एकदा उलटल्यावर ती सरळ किती वेळात होईल, या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. ते उत्तर हवे असेल तर नौकेच्या रचनाकाराकडून किंवा उत्पादकाकडून तिचा स्थैर्याचा पूर्ण आलेख मागून घ्यावा, आणि तो देण्यास टाळाटाळ झाली तर तीही एक माहितीच समजावी.

नौका सरळ होण्याचे सगळे गणित एका गृहीतकावर उभे असते, ते म्हणजे आत पाणी शिरलेले नाही. बूच घट्ट बसवलेली बाटली समुद्रात कशीही गडगडली तरी तरंगते. बूच सैल असेल तर पहिल्याच गटांगळीला तिचा निकाल लागतो. फास्टनेटमध्ये अनेक नौकांच्या केबिनच्या दाराच्या फळ्या नौका उलटताच खाचेतून निसटून समुद्रात पडल्या, आणि त्या उघड्या दारातून पाणी आत घुसले. म्हणून या फळ्यांना आतून आणि बाहेरून उघडता येणारी कडी आहे का, हे पाहणे क्षुल्लक काम नव्हे. माइल्स आणि बेरिल स्मीटन हे दांपत्य जॉन गझवेल यांच्यासह ‘त्झू हांग’ या ४६ फुटी नौकेतून दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील केप हॉर्नकडे जात असताना, फेब्रुवारी १९५७ मध्ये एका लाटेने ती नौका पाठीमागून उचलून नाकावर उलटी फेकली. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, सुकाणू गेले, आणि डेकवरील छोटी खोली मुळापासून उखडली जाऊन तेथे मोठे भगदाड पडले. गझवेल सुतारकामात वाकबगार होते म्हणून ते भगदाड बुजवता आले आणि तात्पुरत्या डोलकाठीच्या बळावर नौका चिलीच्या किनाऱ्याला लागली. मोठ्या खिडक्या आणि उंच, उजेडी केबिन ज्याला आवडते त्याने ही हकिगत लक्षात ठेवावी. निदान त्या खिडक्यांवर बाहेरून बसवता येतील अशा मजबूत झडपा तरी असाव्यात. कॉकपिट, म्हणजे सुकाणू धरणारा जेथे बसतो तो खोलगट भाग, लाटेने भरला तर काही टन पाणी नौकेच्या मागच्या अंगावर बसते. ते वाहून नेणाऱ्या नळ्या रुंद आहेत की बोटभर, हे वाकून पाहावे.

बांधणीची तपासणी हा विषय त्याहून कठीण आहे, कारण सर्वांत महत्त्वाचे दोष दिसत नाहीत. मे २०१४ मध्ये ‘चिकी रफिकी’ ही ४० फुटी नौका अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत असताना अटलांटिकमध्ये, नोव्हा स्कोशियापासून सुमारे ७०० मैलांवर, तिची कील तुटून पडली आणि चारही खलाशी नाहीसे झाले. नंतर सापडलेल्या उपड्या सांगाड्यात तराफा त्याच्या जागीच बांधलेला होता. ब्रिटिश चौकशी यंत्रणेने असा निष्कर्ष काढला की पूर्वी अनेकदा तळ जमिनीला घासला गेल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे, कीलला आधार देणारी आतली चौकट सांगाड्यापासून सुटत गेली असावी. नौकेत पाणी येत असल्याचे खलाशांनी कळवले होते. ते कोठून येते हे मात्र त्यांना सापडले नव्हते. यातून जुनी नौका घेणाऱ्याने शिकायचे ते असे की पूर्वी ही नौका कधी आणि किती जोरात तळाला लागली होती, हा प्रश्न रंगरंगोटीच्या आणि उपकरणांच्या चौकशीआधी विचारला पाहिजे, आणि भर समुद्रात कारण न सापडणाऱ्या गळतीकडे दुर्लक्ष करता कामा नये. सुकाणूचे तेच. कीलच्या मागच्या कडेला जोडलेले सुकाणू जडशीळ आणि आळशी असते पण सुरक्षित असते. एका दांड्यावर लटकणारे सुकाणू चपळ असते, पण तो दांडा वाकला की सगळे संपले. फास्टनेटमध्ये त्या काळी नवीन असलेले कार्बन तंतूंचे दांडे अनेक नौकांत तुटले. २०२० पासून स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ ओर्का या माशांसारख्या दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांनी नौकांची सुकाणू मोडण्याचे प्रकार वाढले आहेत, त्यामुळे हा प्रश्न तेथे रोजचाच झाला आहे. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी ताराही डोळ्यांना चकाकत असताना आतून गंजतात, विशेषतः जेथे त्यांच्या पट्ट्या डेकमधून आत शिरतात तेथे. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलणे हाच शहाणपणा मानला जातो.

महासागरी नौकेच्या इतिहासात मुंबईचे नाव याच मजबुतीमुळे आले आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत, पारंपरिक हत्यारे वापरणाऱ्या येथील कारागिरांच्या हातून बांधली गेली. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत तिने कुठेही न थांबता एकट्या खलाशासह पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी ही सफर होती तीत उतरलेल्या नऊ नौकांपैकी फक्त तिनेच ती पूर्ण केली. दक्षिणेच्या समुद्रात आडवी पडल्यावर तिची केबिन जागेवरून हलली होती; त्याआधीच तळाचे सांधे गळत होते आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना पाण्याखाली उतरून ते बुजवावे लागले होते. नौका निर्दोष नव्हती. ती दुरुस्त करता येण्याजोगी होती, आणि हा गुण पारखताना फार कमी लोक विचारात घेतात.

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘सुहैली’च्या प्रतिकृतीचे, ‘थुरिया’चे, उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ती नौका चालवत असताना, २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिला उलटवले. कीलने आपले काम केले आणि नौका सरळ झाली. परंतु डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला इतकी गंभीर इजा झाली की त्यांना हलताही येईना. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. नौकेचा बचाव आणि माणसाचा बचाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यातून स्वच्छ दिसते. म्हणूनच पारखताना केबिनच्या आत उभे राहून, हे सगळे क्षणभरात उपडे झाले तर काय काय उडेल आणि कोणाला लागेल, असा विचार करावा: बॅटऱ्या, चूल, जमिनीच्या फळ्या, अवजारांची पेटी. धरायला कठडे आहेत का, झोपायच्या जागेवर माणसाला बांधून ठेवणारे पट्टे आहेत का, हेही तेवढ्याच गांभीर्याने पाहावे. टॉमी पुढे २०२२-२३ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि ३६ फुटी ‘बायानात’मधून दुसरे आले.

कागदावरची नौका आणि प्रत्यक्ष निघालेली नौका यांतही फार अंतर असते. दोन माणसांना तीस दिवसांसाठी माणशी रोज ३ लिटर धरले तरी १८० लिटर पाणी लागते, राखीव साठा वेगळा. त्यावर अन्न, इंधन, साखळ्या, सुटे भाग. हे वजन तळाशी ठेवले तर फारसे बिघडत नाही. पण सौरपट्ट्यांची कमान, रडार, केबिनच्या छतावरची छोटी होडी, काठीत गुंडाळले जाणारे शीड अशी एकेक सोय वर चढत गेली की गुरुत्वमध्यही वर चढतो, आणि रचनाकाराने दिलेला कोन मालकाने स्वतःच्या हाताने कमी केलेला असतो.

ऋतूचा विचार न करता नौकेला योग्य वा अयोग्य ठरवणेही अपुरे आहे. कोकणचा नाखवा नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात उतरत नसे, तो होडी कच्ची होती म्हणून नव्हे. पावसाळ्यातील अरबी समुद्रासाठी ती होडी बांधलेलीच नव्हती. जून ते नोव्हेंबर हा उत्तर अटलांटिकमधील चक्रीवादळांचा काळ टाळून, डिसेंबर-जानेवारीत कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे निघणाऱ्या नौकेला जी मजबुती पुरते, ती केप हॉर्नकडे जाणाऱ्या नौकेला पुरत नाही. म्हणून ‘ही नौका महासागरयोग्य आहे का’ असे न विचारता, कोणता महासागर, कोणत्या महिन्यात, किती माणसे आणि त्यांना काय दुरुस्त करता येते, असे विचारावे. तज्ज्ञ सर्वेक्षकाकडून नौका पाण्याबाहेर काढून तपासून घेतल्यानंतर, किनाऱ्यापासून दूर दोन-तीन रात्री सलग, अंगावर येणाऱ्या वाऱ्यात आणि पूर्ण सामान भरून ती चालवावी. त्या काळात केबिनमध्ये कोठे पाणी टपकते, कोणती वस्तू जागेवरून सुटते आणि लहान केलेल्या शिडांवर ती माणसाच्या मदतीशिवाय किती वेळ दिशा धरते, याची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीतील प्रत्येक ओळ निकालात निघेपर्यंत निघण्याची तारीख ठरवू नये.